प्लाझ्मा कोकम सरबतासारखा दिसतो तेव्हा
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस खुले पत्र

स. न. वि. वि.

मी कोल्हापुरातली लॅब टेक्निशियन. मधुमेह्यांच्या शिरा शोधण्यात निम्मं आयुष्य गेलं. मागणी छोटी आहे, पण आधी मायक्रोआरएनएबद्दल चार शब्द ऐकून घ्या.

जनुकाचा संदेश घेऊन निघालेल्या आरएनएला वाटेत गाठून गप्प करणारा, जेमतेम 22 अक्षरांचा हा तुकडा. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना 1993 मध्ये तो मिलिमीटरभर लांबीच्या जंतात उमगला. 2024 चं नोबेल त्यासाठीच. स्वादुपिंडातला 375 क्रमांकाचा तुकडा प्रमाणाबाहेर वाढवला, तर समोर साखर असूनही इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी ते सोडताना हात आखडता घेतात, हे 2004 मध्ये दिसलं. यकृतातला 122 चरबी-कोलेस्टेरॉलच्या कारभारात असतो. हे तुकडे रक्तातही फिरतात, म्हणून साखर चढण्याआधीच रोगाची चाहूल लागेल अशी संशोधकांना आशा आहे. आशाच, अशी टेस्ट कुणी आज विकायला आलं तर खिशाला हात लावू नये.

आता आमची रड. एका अभ्यासासाठी जिल्ह्यातल्या चंदगडकडून रक्ताचे नमुने आले होते. प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरणारा रक्तातला द्रव, वेगळा न काढता, तशाच नळ्या, गाडीत हिंदकळत. इथे सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून रक्ताचे थर वेगळे करणाऱ्या यंत्रात, फिरवून उजेडात धरल्या. प्लाझ्मा गवती पिवळा हवा, हा थेट कोकम सरबत! लाल पेशी फुटल्या होत्या. त्या पेशींत 451 आणि 16 क्रमांकांचे तुकडे ठासून भरलेले. ते सांडले की मोजमापाचा चिखल होतो. हे तुकडे प्लाझ्मात चांगले टिकतात, नासधूस हाताळणीत होते. दोन ट्रे फेकले. भल्या पहाटे उपाशी आलेल्या बायाबापड्यांना काय सांगायचं?

बाहेरचे आकडे उसने घेऊन भागणार नाही. आपली बाळं वजनाने कमी पण अंगात चरबी जास्त घेऊन जन्मतात, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलंच आहे. नमुने आपलेच हवेत, आणि धड हवेत.

म्हणून चंदगड, गगनबावडा, शाहूवाडी इथल्या सरकारी रुग्णालयांत नमुन्यांतला प्लाझ्मा तिथल्या तिथे वेगळा होईल एवढी सोय करा, आणि तो साठवायला कोल्हापुरात उणे 80 अंशांचा एक फ्रीजर द्या. जनरेटरच्या डिझेलची तरतूद मात्र त्याच आदेशात लिहा. फ्रीजर येतो, डिझेल येत नाही, आणि आम्ही रात्री बर्फाचे खोके घेऊन धावतो.

आपली,
एक लॅब टेक्निशियन, कोल्हापूर