इसार देण्याआधी एकदा वाच

सोलापूर,
९ मे

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा पाहुणे आलेले होते, नीट बोलता आलं नाही. तू म्हणालास, एटीव्ही (चार जाड चाकांची, मोटारसायकलसारखी बसून चालवायची रानातली गाडी) घ्यायचं पक्कं झालं, ८०० सीसीची, दोन सिलिंडरची बघून ठेवलीय आणि सोमवारी इसार देतोस. फोन ठेवल्यावर बराच वेळ तेच डोक्यात होतं. सोमवारी इसार देऊ नकोस. आधी हे पत्र वाच, मग वहिनींशी बोल, मग ठरव.

तू सीसीपासून सुरुवात केलीस. माझी एटीव्ही घेताना मीही तशीच केली होती. इंजिन केवढं एवढंच बघितलं. त्या इंजिनाची ताकद चाकापर्यंत कशी जाते हे विचारायचं मला सुचलंच नाही. त्याची किंमत मी मोहोळच्या रानात मोजली. तुला तेव्हा "गाडी बिघडलीय" एवढंच सांगितलं होतं, आज सविस्तर सांगतो.

सप्टेंबरचा महिना होता. ज्वारीच्या पेरणीआधी खत रानात पोचवायचं होतं. काळं रान, वाफसा अजून आलेला नव्हता, पण मला घाई झाली. मागं छोटी ट्रॉली, तिच्यात ५० किलोची सहा पोती. गिअरचा दांडा 'एच'वर, म्हणजे हाय या वेगाच्या गिअरवर होता, कारण विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "काही करायचं नाही, ॲक्टिव्हासारखी चालवायची." बांधाजवळ चाकं रुतली. मी ॲक्सिलरेटर दाबून धरला. इंजिन ओरडत होतं आणि गाडी जागची हलत नव्हती. मग वास आला. मळणीयंत्राचा पट्टा घसरला की येतो ना, तसा जळक्या रबराचा. तरीही मी अजून अर्धा मिनिट रेटली, आणि एकदम चाकाला काही पोचेचना. इंजिन चालू, गाडी मेलेली.

मिस्त्रीनं बाजूचं झाकण काढलं तेव्हा आतून काळ्या धाग्यांचा पुंजका बाहेर आला. पट्टा हातात घेऊन त्यानं मला दाखवला. इतर ठिकाणी रुंदी सारखी होती, एका जागी मात्र वीतभर भाग दोन्ही बाजूंनी झिजून कमरेसारखा आत गेलेला. कडा काचेसारख्या गुळगुळीत, चकाकत होत्या. तो म्हणाला, "मालक, पट्टा तुटला नाही, तुम्ही भाजला." नवा पट्टा यायला तीन आठवडे लागले. तोवर खत डोक्यावरून वाहिलं आणि पेरणी मागं पडली.

आता हे का झालं ते नीट समजून घे, कारण तुझी निवड यावरच ठरणार आहे. तुझ्या मामांची कायनेटिक होंडा आठवते? १९८४ साली ती आली तेव्हा बिनगिअरची गाडी म्हणून आपण तिच्याभोवती फिरून बघत होतो. तिच्यात जी करामत होती तीच या एटीव्हीत आहे, फक्त मोठी. दोन पुल्या आणि मध्ये पट्टा. पुढची पुली इंजिनावर. इंजिनाचे फेरे वाढले की तिच्यातली वजनं बाहेर फेकली जातात, पुलीच्या दोन्ही बाजू जवळ येतात, पट्ट्याला चिमटीत धरतात आणि वर ढकलतात. मागची पुली तेवढीच उघडते. गिअर बदलायचं काम असं आपोआप होतं. पण ही चिमटी घट्ट बसायला पट्टा पुरेसा पळावा लागतो. तुम्ही 'एच'मध्ये मोठा भार घेऊन बैलाच्या चालीनं गेलात, तर पट्टा पुलीवर घसरत राहतो, घसरला की तापतो आणि तापला की जळतो. 'एल', म्हणजे लो हा ओढीचा गिअर, टाकलं की पट्ट्याच्या मागचा गिअर बदलतो. चाक तेवढंच हळू फिरतं, पण पट्टा मात्र भरभर पळतो आणि घट्ट धरतो. ताशी १०-११ किलोमीटरच्या खाली ओझं ओढायचं असेल तर दांडा 'एल'वरच हवा. एवढं एक वाक्य त्या विकणाऱ्यानं मला सांगितलं असतं तर!

म्हणून सांगतो, गाडी बघायला गेलास की पहिला प्रश्न सीसीचा विचारू नकोस. 'एल' आहे का, हे विचार. नसेल तर ती गाडी तिथंच सोड, इंजिन कितीही मोठं असू दे.

पट्ट्याला पर्यायही आहेत. पायानं बदलायचे गिअर, मोटारसायकलसारखे. त्यात पट्टा जळायचा प्रश्नच नाही आणि उतारावर इंजिन गाडी धरून ठेवतं. जुन्या हिरो होंडा स्ट्रीट मोटारसायकलसारखा क्लचचा दांडाच नसलेला प्रकारही असतो, गिअर तुम्ही टाकायचा आणि क्लच आपोआप सुटतो. होंडाची रँचर नावाची ४२० सीसीची एटीव्ही आहे, तिचं इंजिन एकच, पण पायाच्या गिअरची, बटणानं गिअर बदलणारी आणि दोन क्लचची पूर्ण आपोआप चालणारी अशी ती वेगवेगळी मिळते. हे मला फार पटलं. ते लोक गिऱ्हाइकाला विचारतात, तुझं काम काय? त्यावर गिअरबॉक्स ठरतो.

मग तुझं काम काय? मी तुझी बाग डोळ्यांसमोर आणून लिहितोय. मुरमाड रान, डाळिंबाच्या ओळी साधारण साडेचार मीटरवर, म्हणजे सव्वा मीटर रुंदीची गाडी फांद्या न मोडता आतून जाईल. मृग बहार धरणार म्हणजे पावसात तेल्या रोगाच्या भीतीनं फवारणी पुन्हा पुन्हा. चार झाडं पुढं, थांब, परत पुढं. तोडणीला क्रेट उचलत जायचं, परत थांब. दिवसातून शंभर वेळा थांबणं आणि सुटणं आहे. आणि चालवणार कोण? तू एकटा नाही. वहिनी चालवतील, गडी चालवतील. पायाचा गिअर मला स्वतःला मनापासून आवडतो, पण गड्यानं दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा क्लच दाबून दिवसभर फवारणी केली तर क्लच प्लेटा किती दिवस टिकतील?

तुझ्यासाठी पट्ट्याचीच घे, असं माझं मत आहे. पण 'एल' असलेली, चारही चाकांना ताकद देणारी, चाकं चेनऐवजी शाफ्टनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, फिरवणारी. चेन मुरमाच्या धुळीत आणि फवारणीच्या पाण्यात लवकर झिजते, रोज तेल मागते, आणि गडी ते घालणार नाही हे तुलाही माहीत आहे. दुसरं, उतारावर इंजिन धरतं का ते विचार. काही पट्ट्याच्या गाड्यांत ॲक्सिलरेटर सोडला की पुढची पुली पट्टा सोडून देते आणि गाडी मोकळी घरंगळते. यामाहाच्या ग्रिझ्लीत यासाठी वेगळी सोय केलेली आहे, पट्टा ताणलेला राहतो आणि इंजिन चाकांना धरतं. तुझ्या ओढ्याच्या उतारावर मागं भरलेली ट्रॉली असताना ही सोय नसेल तर नुसत्या ब्रेकवर भार येईल. मला त्या उताराची खरंच काळजी वाटते.

आणि ओढ्याचं पाणी. पट्ट्याच्या पेटीत गार हवा घेणारी नळी असते, तिचं तोंड किती उंच आहे ते वाकून बघ. पाणी आत गेलं की पट्टा ओला होऊन घसरतो. पेटीच्या तळाला पाणी सोडायचा बोल्ट असतो, तो उघडायचा, मग न्यूट्रलमध्ये इंजिन थोडं फिरवून पट्टा वाळवायचा. गड्यालाही हे दाखवून ठेव.

आता इंजिन. दोन सिलिंडरचं ८०० सीसी तुला कशाला? ते वेगासाठी चांगलं, आवाज गोड, धक्के कमी. पण वजन जास्त, पेट्रोल जास्त, आणि मेमध्ये मांडीला जी धग लागेल ती वेगळीच. एका सिलिंडरचं ४५० ते ५७० सीसीचं इंजिन खालच्या फेऱ्यांतच चांगली ओढ देतं. प्लग एक, व्हॉल्व्ह सेटिंग सोपं. तुझ्या कामाला तेवढं पुरून उरेल. टू-स्ट्रोकच्या नादाला लागू नकोस, उतारावर ते इंजिन गाडीला फारसं धरत नाही.

मात्र पाण्यानं थंड होणारंच घे. इथं माझा ठाम आग्रह आहे. आपल्याकडे मेमध्ये पारा ४२-४३ पर्यंत जातो. हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाला वारा लागतो तो गाडी पळते तेव्हा. फवारणीत तू ताशी पाच किलोमीटरनं जाणार, वारा येणार कुठून? रेडिएटरला पंखा असतो, गाडी उभी असली तरी तो फिरतो. फक्त रेडिएटर कुठं बसवलाय ते बघ. पुढं खाली असेल तर चिखलानं त्याच्या जाळ्या बुजतात. धुताना जोराचा फवारा मारू नकोस, जाळ्या वाकतात. आतल्या बाजूनं बाहेर, हलक्या पाण्यानं.

कार्बोरेटर की फ्युएल इंजेक्शन, यावर फार डोकं लावू नकोस. इंजेक्शन घे, फक्त ते बॅटरीवर चालतं, तेव्हा बॅटरी जप.

२०० लिटरची फवारणीची टाकी मागच्या रॅकवर ठेवायचा विचार बोलून दाखवलास, तो मनातून काढ. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, आणि ते वर, मागं, हलणारं. वळणावर गाडी उलटेल. टाकी ट्रॉलीतच ठेव आणि ट्रॉलीचं ओझं गाडीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच्या आत ठेव.

रस्त्याचंही बघ. बहुतेक एटीव्ही फक्त रानात चालवायला असतात, नंबर मिळत नाही. पोलारिसनं स्पोर्ट्समन ५७० ही ट्रॅक्टर म्हणून नोंद होणारी भारतात आणली होती. तुला बागेतून गावात यायला डांबरी रस्ता लागतोच, तेव्हा आरटीओत आधी विचार आणि विम्याचं लेखी घे. विकणाऱ्याच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नकोस. मी गेलो होतो.

शेवटचं जरा कडक सांगतो, रागावू नकोस. हुरड्याला येणाऱ्या पाहुण्यांच्या पोरांना फेऱ्या मारायच्या आणि आपला पिंट्याही चालवेल, असं तू म्हणालास. पिंट्या तेरा वर्षांचा आहे. ९० सीसीच्या वरची एटीव्ही सोळा वर्षांच्या आतल्या पोराला द्यायची नाही, हा बनवणाऱ्यांचाच इशारा असतो, गाडीवर चिकटवलेला असतो. यातल्या बहुतेक गाड्या एकाच माणसासाठी असतात. मागं पोराला बसवलं की तोल जातो. तीनशे-साडेतीनशे किलोची गाडी अंगावर आली तर काय होईल हे मला लिहवत नाही. पाहुण्यांना बैलगाडी दाखव, त्यांना तीच आवडेल. आणि हेल्मेट गड्यालाही घे, तुझ्याबरोबरच.

रविवारी सकाळी मी पहिल्या एसटीनं सांगोल्याला येतो. विकणाऱ्याला सांग, गाडी शोरूममध्ये बघायची नाही, बागेत आणायची. सहा क्रेट मुरमानं भरून ठेव, ट्रॉलीही तयार ठेव. 'एल'मध्ये ओढ्यात उतरवू, भार घेऊन वर चढवू, मग ओळीत अर्धा तास चालीच्या वेगानं फिरवू आणि पट्ट्याच्या पेटीजवळ वास घेऊ. तो याला तयार नसेल तर आपण दुसरी बघू. वहिनींना म्हणावं, भाकरी माझ्याकडून येतेय, कडक, शेंगदाण्याच्या चटणीसकट. त्यांनी फक्त ताक करावं.

आई-आण्णांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुझाच,
नाना