सूचक कोण, अनुमोदक कोण?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला मुक्त सॉफ्टवेअरवरचा (ज्याचा कोड, म्हणजे आतली आज्ञावली, कुणीही पाहू-बदलू शकतो) लेख वाचला. आमच्याकडे पेपर साडेअकराच्या एसटीने येतो, त्यामुळे राग यायलाही दुपार झाली. लेखकमहाशय म्हणतात, तिथे सगळे उघड्यावर चालते. कोड उघड्यावर असतो, एवढे खरे. निर्णय कुठे होतात, ते त्यांनी कधी शोधून पाहिले काय?

मी गावात छोटे संगणक केंद्र चालवतो. सातबारा, पीकविमा, बचतगटांचे हिशेब. एका मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठी अनुवादात (नाव सांगत नाही, भांडण वाढवायचे नाही) मागच्या पावसाळ्यात रात्री लाइन असेल तेव्हा बसून तीनशे चाळीस ओळी केल्या. 'अनडू'ला (म्हणजे आत्ता केलेले रद्द करायच्या बटणाला) 'मागे घ्या' लिहिले, कारण चुकीचा आकडा पडला की गटातल्या बाया तेच म्हणतात. पाच महिने सगळे 'मंजुरीसाठी प्रलंबित'. मग एका रात्रीत माझ्या निम्म्या ओळी गेल्या आणि 'मागे घ्या'चे 'पूर्ववत करा' झाले. गटाच्या सचिवबाईंनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारले, "हे पूर्ववत म्हंजे काय व्हय जी?" म्हटले, बाई, मलेही कोनी सांगतलं नाही.

शब्द त्यांचा बरोबर असेलही, व्याकरणात मी कच्चाच. मी फक्त विचारले की हे ठरवले कुणी. आठ दिवसांनी उत्तर आले, 'टीमने ठरवले'. टीम म्हणजे कोण, तर चौघे. बसले कधी, तर व्हिडिओ कॉलवर. कॉलचे टिपण? ते ठेवत नाहीत. अहो, आमच्या ग्रामपंचायतीत नालीचा ठराव असला तरी त्याखाली सूचक अमुक, अनुमोदक तमुक असे लिहिलेले असते. नाली होत नाही ती गोष्ट वेगळी, पण शिव्या कुणाला घालायच्या ते तरी कळते!

लेखात लिनक्सचे गोडवे आहेत. त्याच लिनक्सच्या गाभ्याची (कर्नेलची) देखभाल करणाऱ्या मेंटेनरांच्या यादीतून ऑक्टोबर २०२४ मध्ये काही रशियन नावे काढली गेली. कारण काय दिले, तर नियमपालनाच्या विविध गरजा. बस. रशियावरच्या निर्बंधांमुळे हे करावे लागले, हा खुलासा आरडाओरड झाल्यावर आला. कायद्यापुढे इलाज नसेल, मान्य. पण ज्याने काम केले त्याला एक धड वाक्य मिळू नये?

उलट डेबियनवाल्यांचे पाहा, तेही लिनक्सवरच उभी असलेली एक मुक्त प्रणाली बनवतात. संगणक सुरू होताना आधी सिस्टमडी चालवायचे की अपस्टार्ट, यावर २०१४ मध्ये त्यांच्या तांत्रिक समितीत चार विरुद्ध चार अशी फूट पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने निकाल लागला. वाद एवढा पेटला की काही जणांनी डेव्हुआन नावाची वेगळी चूल मांडली. पण कोण कुणीकडे होते आणि का, ते आजही कुणालाही वाचता येते. हरणाऱ्याला आपण कशावर हरलो ते दिसते. लांब कशाला जायचे, आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची ग्रामसभा सर्वसहमतीशिवाय ठराव करत नाही. यांना चौघांत एक टिपण लिहिणे जमत नाही.

जाता जाता आपल्याबद्दलही. कापसावरचे माझे मागचे पत्र आपण छापलेत, आभारी आहे. शेवटचा परिच्छेद मात्र कापलात. जागेची अडचण असेल, पण तसे कुणी कळवले नाही, आणि वाचणाऱ्यांना वाटले मी भावावरच रडतो आहे. ओलाव्याच्या नावाखाली जिनिंगवर वजनात होणारी कपात त्याच परिच्छेदात होती. पत्र मी तेवढ्यासाठीच लिहिले होते.

आपला,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ