रविवारी वर्णपटमापी जोडणी : सामान तपासून आणा

सदस्यहो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या जागी घरगुती वर्णपटमापी (प्रकाशातले रंग वेगळे करून मोजणारं यंत्र) जोडायचा आहे. दोघांत एक संच पुरे.

• रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक-बोर्ड), ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चार्जर, मेमरी कार्ड.
• पायचा कॅमेरा. बोर्ड पाय ५ असेल तर केबल अरुंद, २२ पिनांची लागते. जुनी १५ पिनांची बसत नाही. घेताना नक्की विचारा, इथेच दिवस वाया जातो.
• मिलिमीटरला १००० रेषांची ग्रेटिंग फिल्म (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी). नसल्यास कोरी डीव्हीडी.
• काळा कार्डशीट, प्रकाश आत येण्याच्या फटीसाठी दाढीची दोन नवी पाती. पाती गुंडाळूनच आणा, सोबत मुलं असतात.

सीएफएल दिवा मी आणतो. त्यातल्या पाऱ्याच्या ४३६ आणि ५४६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशरेषांवरून यंत्राची मोजपट्टी बसवू; पांढऱ्या एलईडीत अशा बारीक रेषा नसतात. यंत्र थेट सूर्याकडे रोखू नये.

– संयोजक