“किती झाले?” “वीस रुपये.”

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मालिका बघते कमी, ऐकते जास्त. आठची वेळ पोळ्यांची. टीव्ही हॉलमध्ये आणि मी ओट्यापाशी. माझ्यासारख्या बायका घरोघरी आहेत हे लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक असणार, म्हणूनच मालिकेतली माणसं मनातलं सगळं मोठ्यांदा बोलून दाखवतात. आठवड्याला सहा भाग काढायचे तर संवादावर हात फिरवायला सवड कुठली, हेही मान्य.

पण गेल्या महिन्यात एका मालिकेत भलतंच झालं. टीव्हीचा आवाजच येईना. वीज गेली म्हणावं तर पंखा चालू. लाटणं हातात घेऊनच बाहेर आले. पडद्यावर नायक दारात उभा, हातात कागदात गुंडाळलेली नायिकेची चप्पल.

“अंगठा शिवून आणला.”

“किती झाले?”

“वीस रुपये.”

तिने पर्समधून नोट काढून दिली. त्याने ती मुकाट्याने घेतली, घडी घालून वरच्या खिशात ठेवली. बस्स. ना वाऱ्यावर उडणारी ओढणी, ना मागे व्हायोलिन. इकडे माझी तव्यावरची पोळी करपली.

दुसऱ्या दिवशी तीच मुलगी मैत्रिणीला सांगत होती, “त्या चपलेवरूनच मला त्याचं प्रेम कळलं गं!” वर तोच प्रसंग पुन्हा, या वेळी गाण्यासकट. अहो, आम्हालाही कळलं होतं की!

2012 साली ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ आम्ही चवीने बघितली. घनाला अमेरिकेला जायचंय, राधाला वडिलांना सोडायचं नाही, म्हणून दोघं ठरवून खोटं लग्न करतात. पुढे जीव जडला तरी बोलायची सोय नाही, व्यवहारच तसा ठरलेला! मग साध्या बोलण्यालाही वजन यायचं. स्वप्निल जोशी आणि मुक्ता बर्वे यांच्यापैकी कोण आधी तोंड उघडतंय, यावर आमच्या जिन्यात चर्चा चालायच्या.

आपल्या पुण्यात तर याची जाण हवीच. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला ‘आवाज कुणाचा’ म्हणत भरत नाट्य मंदिर दणाणून सोडणारी पोरं रंगमंचावर दोन पात्रं नुसती गप्प बसली की चिडीचूप होतात. नाटककार विजय तेंडुलकरांच्या संवादातली टिंबं, म्हणजे बोलण्यातले थांबे, कशी धरायची, यावर तालमीत तास घालवणारी ही मंडळी. यातलीच कितीतरी पुढे मालिकांकडे वळतात. तिथे गेल्यावर ती टिंबं कोण पुसतं?

आमच्या लग्नाला 38 वर्षं झाली. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य या घरात कुणी उच्चारलेलं नाही. यांनी उच्चारलंच, तर मी आधी कपाळाला हात लावून ताप बघेन.

हे पत्र यांना वाचून दाखवलं. म्हणाले, “वीस रुपयांत कोण शिवून देतो हल्ली? आणि तुझ्या डाव्या चपलेचा बंद सुटत आलाय. उद्या मंडईत जाताना पिशवीत टाक, आणतो शिवून.”

– एक वाचक, कर्वेनगर, पुणे