एडिटिंगसाठी दिलेल्या कॅमकॉर्डर टेपांच्या कामाबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : मिनी-डीव्ही व हाय-८ टेपांचे काम ऑर्डरप्रमाणे न झाल्याबाबत.

महोदय,

घरच्या जुन्या टेपा कम्प्युटरवर उतरवून घेण्यासाठी मी तुमच्याकडे दिल्या होत्या. ऑर्डर फॉर्मवर स्पष्ट लिहिले होते : फाइल्स एडिटिंगसाठी हव्या आहेत, मिनी-डीव्ही टेपा फायरवायरनेच (कॅमेऱ्यातला डिजिटल डेटा थेट कम्प्युटरवर आणणाऱ्या केबलने), मूळ डीव्ही स्वरूपात, म्हणजे टेपेवर ज्या डिजिटल स्वरूपात नोंद असते त्यातच, उतरवाव्यात. काउंटरवर ते वाचून फॉर्म स्वीकारला गेला, पैसेही आगाऊ घेतले गेले. हातात आलेल्या पेनड्राइव्हवर मात्र सगळ्या एमपी-४ फाइल्स आहेत आणि एडिटिंगच्या दृष्टीने त्या निरुपयोगी आहेत.

मिनी-डीव्ही टेपेवरचे चित्रण मुळातच डिजिटल असते. फायरवायरने ते जसेच्या तसे कम्प्युटरवर येते, त्यात नव्याने काही घडवावे लागत नाही. तुमच्या माणसांनी कॅमेऱ्याच्या पिवळ्या केबलमधून ते ॲनालॉग करून बाहेर काढले, स्वस्तातल्या यूएसबी कॅप्चर स्टिकने पुन्हा डिजिटल केले आणि वर दाबून लहान केले. हा माझा तर्क नाही. प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचे ‘प्ले’ हा शब्द आणि टाइमकोडचे (टेपेवरची वेळ दाखवणारे) आकडे चित्रातच छापले गेले आहेत. फायरवायरने उतरवले असते तर ते येणे शक्यच नव्हते. डीव्हीमध्ये तासाभराच्या टेपेची फाइल साधारण १३ जीबी होते. तुम्ही दिलेली जेमतेम १ जीबीची आहे.

खरे नुकसान याच्याही पुढचे आहे. टेपा पाल या टीव्ही-चित्रणाच्या पद्धतीच्या आहेत : ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेममध्ये एकाआड एक ओळींची दोन फील्ड्स, म्हणजे अर्धी-अर्धी चित्रे. तुमच्या फाइल्स ६४० बाय ४८०, सेकंदाला ३० फ्रेमच्या आहेत. डीइंटरलेस न करताच, म्हणजे दोन फील्ड्सपासून अखंड चित्रे न बनवताच, चित्राची उंची कमी केल्यामुळे दोन्ही फील्ड्स एकमेकांत कालवली गेली आहेत आणि आता ती कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट वेगळी होत नाहीत. माझी मुलगी पहिल्यांदा आधाराशिवाय चालली तो प्रसंग एका टेपेवर आहे. ती हात पसरून कॅमेऱ्याकडे येते तेव्हा तिच्या दोन्ही हातांच्या कडा कंगव्याच्या दात्यांसारख्या फाटलेल्या दिसतात, आणि फ्रेम वाढवल्यामुळे पाऊल मध्येच अडखळते. मूळ टेप कॅमेऱ्यात लावून टीव्हीवर पाहिली. तिथे ती सरळ, न अडखळता चालत येते.

आवाजही सरकला आहे. टेपेच्या सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात, शेवटाकडे आधी ओठ हलतात आणि मग शब्द ऐकू येतो. असा हळूहळू वाढत जाणारा फरक एडिटिंगमध्ये तुकड्या-तुकड्याने दुरुस्त करत बसावा लागतो. शिवाय डीव्हीमध्ये चित्रणाची तारीख-वेळ डेटामध्येच नोंदलेली असते, तिच्यावरून सॉफ्टवेअर प्रसंग आपोआप वेगळे करते. मला सगळे चित्रण तारखेनुसार लावायचे होते. तुमच्या फाइल्समध्ये ती नोंदच उरलेली नाही.

हाय-८ टेपा ॲनालॉग असतात हे मला मान्य आहे. पण त्यांनाही एस-व्हिडिओ जोडणी (पिवळ्या केबलपेक्षा स्वच्छ चित्र देणारी) चालते, आणि डिजिटल-८ या डिजिटल प्रकारचे काही कॅमेरे हाय-८ टेप वाचून थेट फायरवायरने डीव्ही देतात. अशा कामाचे पैसे घेणाऱ्या कंपनीकडे ही साधने असायला हवीत. नसतील तर ऑर्डर घेण्यापूर्वीच तसे सांगायला हवे होते.

फोनवर तुमच्या प्रतिनिधीने ‘फाइल चालते ना, मग अडचण काय?’ असे विचारले. फाइल चालते. पण मी बघण्यासाठी कॉपी मागितली नव्हती, एडिट करण्यासाठी मूळ चित्रण मागितले होते. हे उत्तर मला अपमानास्पद वाटले.

या टेपा जुन्या आहेत. दर वेळी चालवताना त्या अडकण्याचा किंवा चुरगळण्याचा धोका असतो, म्हणून काम पहिल्याच वेळी नीट होणे मला महत्त्वाचे होते. आता तुम्ही मिनी-डीव्ही टेपा फायरवायरने आणि हाय-८ टेपा एस-व्हिडिओने किंवा डिजिटल-८ कॅमेऱ्यातून, कुठलाही आकार वा फ्रेमदर न बदलता, विनामूल्य पुन्हा उतरवून द्याव्यात. टेपा परत सोपवण्यापूर्वी कोणता कॅमेरा, कोणती जोडणी आणि कोणते फाइल स्वरूप वापरणार हे मला लेखी हवे, आणि आधी एका टेपेचा नमुना पाहून मगच बाकीच्या मी देईन. हे जमणार नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी, म्हणजे मला दुसरीकडे काम करून घेता येईल. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक तक्रार यंत्रणेकडे दाद मागेन.

आपला,
एक ग्राहक

सोबत : ऑर्डर फॉर्म व पावतीची प्रत, खराब फ्रेम्सचे स्क्रीनशॉट, फाइल्सच्या तांत्रिक माहितीची प्रिंट.