रुखवतातले नॅपकिन

पुणे,
रविवार, दुपार

प्रिय नीलू,

परवा फोनवर तू विचारलंस, "दुपारभर करतेस तरी काय गं?" आणि मी "काही नाही" म्हणून विषय बदलला. फडकी भरतेय. स्वयंपाकघरातली, हात पुसायची, कपबशा पुसायची साधी फडकी, आणि त्यांवर गुलाब. हस हवं तर, पण पत्र शेवटपर्यंत वाच, कारण यात तुझाही हात आहे.

दिवाळीच्या साफसफाईत आईची ट्रंक उघडली. तळाशी तिच्या रुखवतातले बारा नॅपकिन. भरतकामाचं ते घराघरांचं कापड, पांढरी मॅटी, कडेला क्रोशाची लेस, एका कोपऱ्यात फुलीच्या टाक्यातला गुलाब. आठवतात ना? आपल्याला नुसते बघायला मिळायचे, तेही हात धुऊन. आईने ते खळ घालून, कडक इस्त्री करून ठेवले होते आणि त्या खळीनेच घात केला. कसरीला खळीची भारी चटक. प्रत्येक घडीवर चाळण झालीय. बारांतला एकच धड निघाला, तो म्हणजे कुणीतरी चुकून वापरलेला. धुण्यात खळ निघून गेली म्हणून वाचला. एका टोकाला हळदीचा फिकट डागसुद्धा आहे. त्या डागावरून आईने तेव्हा घर डोक्यावर घेतलं असणार!

त्यांच्याखाली आपला गुलाबाचा आलेखाचा कागद होता, आठवीतला. शिवणाच्या तासाला बाईंच्या त्या जुन्या परदेशी चोपडीतून तू घरं मोजून सांगायचीस आणि मी रंगीत पेन्सिलीने भरायचे. उजवीकडच्या पाकळीशी तुझ्या अक्षरात लिहिलंय, "इथे १ घर चुकलं, कुणाला कळणार नाही." अगं, एवढ्या वर्षांनी मला पहिल्या नजरेत कळलं.

मग त्या गुलाबाचं मूळ शोधत बसले. इंटरनेटवर अँटिक पॅटर्न लायब्ररी म्हणून एक ठिकाण आहे, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे भरतकामाचे नमुने तिथे फुकट बघायला मिळतात. पॅरिसच्या साजू कंपनीच्या चिमुकल्या पुस्तिका, फ्रान्समधल्याच म्युलूझ गावच्या डीएमसीच्या चोपड्या (ही दोऱ्याची कंपनी १७४६ सालची बरं का, आपल्याकडे नानासाहेब पेशवे होते तेव्हाची), आणि बर्लिनचे नमुने. हुबेहूब आपला गुलाब सापडला नाही, पण त्याच्या चुलत बहिणी ढिगाने. सगळ्या तशाच कोबीच्या गड्ड्यासारख्या गच्च भरलेल्या, चार छटांच्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये असे चौकटींचे कागद छापायला लागले, आणि रंग छापता येत नसे म्हणून एकेक चौकट हाताने रंगवायचे. म्हणजे मी आठवीत जे करत होते तेच, फक्त पोटासाठी. ते वाचल्यावर कागद हातात धरून जरा वेळ तशीच बसले.

आता कामाचं सांगते. मॅटीवर सोपं असतं, घरं समोर दिसतात. माझ्या मॅटीत इंचाला अकरा घरं आहेत, आपला गुलाब चव्वेचाळीस घरांचा, म्हणजे बरोब्बर चार इंच. पण मॅटी पाणी टिपत नाही, तिने भांडी काय पुसणार? म्हणून साधे सुती टॉवेल आणले. त्यांच्यावर मोजायला घरंच नाहीत. मग वेस्ट कॅनव्हास वापरला. ती खळ दिलेली जाळी असते. टॉवेलवर कच्च्या टाक्यांनी जोडायची, तिच्या घरांतून फुल्या भरायच्या, शेवटी ओली करायची आणि जाळीचे धागे चिमट्याने एकेक उपसायचे. खळ यावेळी कामाला आली! धागा सुर्रकन निघतो आणि खाली नुसता गुलाब उरतो. खरं सांगू, भरण्यापेक्षा मला हे उपसणंच जास्त आवडतं.

पहिला टॉवेल मात्र वाया गेला. न धुता भरायला घेतला. पंधरा दिवस मान मोडून गुलाब पुरा केला, पहिल्याच धुण्यात कापड आटलं, दोरा आटला नाही, आणि गुलाब सुरकुतला. आमचे हे म्हणाले, "कोमेजलेला काढलायस का?" दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. आता आधी दोनदा गरम पाण्यातून काढते, मगच सुई लावते.

सहापदरी लडीतले दोन पदर घेते. खरं तर एकच पदर दुप्पट लांब कापायचा, मधोमध दुमडायचा, दोन्ही टोकं सुईत ओवायची आणि पहिल्या टाक्याला मागे जो फासा राहतो त्यातून सुई काढून ओढायचं. गाठ लागतच नाही. बाईंनी आपल्याला गाठी मारायला शिकवलं होतं, ते चौकटीत लावायच्या चित्राला चालतं. फडक्याची मागची बाजू रोज दिसते, आणि मागे लांब दोरा सोडला तर चमच्यात, बांगडीत अडकतो. म्हणून दोन फुलांच्या मधे दोरा तोडते, कितीही जिवावर आलं तरी. आणि फुलीचा वरचा पाय सगळीकडे एकाच दिशेला. एखादा उलटा पडला की उजेडात तेवढाच वेगळा चमकतो, अख्ख्या वर्गात एकानेच पाठ फिरवावी तसा.

तुझ्या त्या चुकलेल्या घराचं काय केलं विचारशील. दुरुस्त करून बघितलं. पाकळी नीट बसली आणि गुलाब अनोळखी वाटायला लागला. उसवला. परत तुझ्या चुकीसकट भरला.

तुझ्यासाठी दोन पाठवतेय. पाहुणे येतील तेव्हा काढू म्हणून कपाटात ठेवलेस तर खबरदार. पोळ्या करताना खांद्यावर टाक, कुकरचं झाकण धर, काय वाट्टेल ते कर. गडद लाल दोऱ्याचा रंग पहिल्या एक-दोन धुण्यांत जाऊ शकतो, तेव्हा ती दोन्ही वेगळी धू आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळ, तसाच ओला गोळा करून ठेवू नकोस. हळद लागली तर साबणाने डाग लालभडक होईल. घाबरून ब्लीच ओतू नकोस, त्यात गुलाबच जायचा. धुऊन उन्हात घाल. हळदीचा रंग उन्हात उडतो, दोन-तीन दुपारी लागतील. नाशकाला उन्हाची काय कमी!

सुनबाईला आवडलं तर तिलाही शिकव. नाही आवडलं तर टॉवेल नुसता पुसायला दे.

तुझीच,
शालू

ता. क. चार छटांतली तिसरी गुलाबी मला इथे कुठेच मिळत नाहीये. दुकानदार दाखवतो ती एक तर जांभळ्याकडे झुकते, नाही तर थेट राणी. तुझ्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जुन्या लड्या असायच्या, बघ जरा. अर्धी लडी असली तरी चालेल, आणखी दोन टॉवेल त्यात निघतील.