फीटची गोळी म्हणजे झोपेची गोळी नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नारायण पेठेत माझे औषधांचे दुकान आहे. गेल्या महिन्यात एक गृहस्थ मुलाच्या लेव्हेटिरासिटाम या फीटवरच्या औषधाच्या गोळ्यांची पट्टी परत करायला आले. दहापैकी चार कप्पे रिकामे, सहा भरलेले. ‘सात महिन्यांत एकदाही फीट आलेली नाही आणि या झोपेच्या गोळ्यांनी पोराचे डोके मंद होईल’, असे त्यांचे म्हणणे होते.

हा समज अगदीच निराधार नाही. १९१२ पासून अपस्मारावर, म्हणजे फीट येण्याच्या आजारावर, दिले जाणारे फेनोबार्बिटल मुळात झोपेचेच औषध. परंतु १९३८ साली मेरिट आणि पुटनम या अमेरिकी संशोधकांनी फेनिटॉइन पुढे आणले, तेव्हाच गुंगी न आणताही झटके थांबवता येतात हे दिसून आले होते.

मेंदूतील दोन चेतापेशींमध्ये मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. विजेचा संदेश पेशीच्या टोकाशी पोहोचला की तिथे कॅल्शियम आत शिरते, इवल्या पिशव्यांत साठवलेले रसायन त्या फटीत सांडते आणि पुढची पेशी चेतते किंवा शांत होते. चेतवणारे मुख्य रसायन ग्लुटामेट, आवरणारे गाबा. झटक्याच्या वेळी पेशींचा मोठा समूह एकाच वेळी, भराभर संदेश सोडू लागतो. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि लॅमोट्रिजिन ही फीटवरची औषधे सोडियमच्या वाहिन्यांवर, म्हणजे पेशीत सोडियम आत घेणाऱ्या सूक्ष्म दारांवर, अशी बसतात, की हे अतिवेगाने सुटणारे संदेश अडतात आणि ग्लुटामेट कमी सांडते. नेहमीच्या संथ संदेशांना त्या मानाने फारसा अडथळा होत नाही. लेव्हेटिरासिटाम थेट त्या पिशव्यांवरील एका प्रथिनाला चिकटते. गॅबापेन्टिन या आणखी एका औषधाच्या नावात गाबा असला तरी ते गाबाच्या ग्राहींवर (गाबा टिपणाऱ्या पेशीवरील प्रथिनांवर) काम करत नाही, कॅल्शियमच्या वाहिनीशी जोडले जाते. नावावरून औषध ओळखू पाहणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते.

म्हणूनच ‘फीटची गोळी सगळी सारखीच’ असे समजून शेजाऱ्याची पट्टी वापरणे किंवा बरे वाटते म्हणून गोळी एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे. औषधाची रक्तातील पातळी एकदम उतरली की झटके परत येतात, कधी एकामागून एक, न थांबणारे. दुष्परिणाम असतात, हेही नाकारता येत नाही: लेव्हेटिरासिटामने काही मुले चिडचिडी होतात आणि व्हॅल्प्रोएट हे फीटवरचेच दुसरे औषध गर्भातील बाळाला अपाय करू शकते. पण त्यावर औषध बदलणे किंवा मात्रा हळूहळू उतरवत नेणे हे डॉक्टरांचे काम आहे, घरच्यांचे नव्हे आणि माझेही नव्हे.

आपल्या आरोग्य पुरवणीत पथ्यांवर रकानेच्या रकाने येतात. त्यातला एखादा या गोळ्यांना मिळावा, अशी विनंती आहे. ती पट्टी मी परत घेतली नाही. गृहस्थ नाराज झाले, पण जाताना तिच्यावरची मुदतीची तारीख मात्र त्यांनी चष्मा लावून नीट वाचून घेतली.

— एक औषधविक्रेता, नारायण पेठ, पुणे